नीट झोप, मशीन लावलंय

माझी मुलगी घोरायची. वय नऊ, अंगानं काडी, आणि घोरणं असं की शेजारच्या खोलीतल्या माणसानं टीव्हीचा आवाज वाढवावा. आज हे मी सरळ लिहिते आहे. तेव्हा कुणी माझ्यासमोर हा शब्द काढला असता तर त्याचा पाणउतारा केल्याशिवाय मी त्याला सोडलं नसतं. पोरगी घोरते म्हणे! मुलगी शिंकली तरी तोंडावर ओढणी धरून शिंकावी, अशी आमच्याकडची शिस्त. घोरणं हे पुरुषांचं काम, तेही दिवसभर राबून आलेल्या पुरुषाचं.

आमचं मिरची कांडप आहे. कोल्हापुरात, पेठेतल्या एका अरुंद बोळात. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. आमचे हे शिरोलीकडच्या एका फौंड्रीत सुपरवायझर, कांडप मी बघते. उन्हाळ्यात बायका वर्षाची चटणी करायला वाळवलेली मिरची, भाजलेला मसाला, लसूण असलं सगळं घेऊन येतात आणि आपला नंबर येईपर्यंत दारात पायरीवर बसून राहतात. दुसऱ्याच्या डब्यातली मिरची आपल्या डब्यात जाईल म्हणून हलत नाहीत. मग बसल्या बसल्या करायचं काय? बोलायचं. अख्ख्या पेठेत कोण कुणाशी काय बोललं, ते माझ्या पायरीवर कळतं.

पोरीचं नाक कायम गच्च. तोंड उघडं. कुणी विचारलं की मी म्हणायचे, चटणीच्या घरात जन्मलीय, नाक चोंदणारच की. सगळ्यांना पटायचं. मलाही पटायचं.

त्या वर्षी मार्च महिन्यात एका दुपारी लाईट गेली. मशीन थांबलं. इतक्या आवाजात दिवस काढणाऱ्या माणसाला ती शांतता चमत्कारिक वाटते; बायकासुद्धा क्षणभर गप्प झाल्या. आणि आतून घोरणं ऐकू आलं. साधं नाही. आधी खरखर, मग मोठी घरघर, मग एकदम काहीच नाही, आणि मग कुणीतरी पाण्यातून डोकं वर काढावं तसा दचकून घेतलेला श्वास.

"आत पावणं आल्यात व्हय?" एकीनं विचारलं.

मी पटकन म्हटलं, "ह्यांची नाईट झाली. झोपल्यात."

तोंडातून शब्द सुटायला आणि ह्यांची मोटरसायकल बोळात शिरायला एकच गाठ पडली. हे आले, हेल्मेट काढलं, बायकांमधून वाट काढत आत गेले. आतलं घोरणं चालूच. पायरीवर असा हशा पिकला म्हणता! एक तर डोळ्याला पदर लावून हसत होती. तिनंच वाकून आत बघितलं. पोरगी चटईवर मान मागं टाकून, आ वासून पडलेली, गालावरून लाळ.

"अगं बाई, पोरगी हाय की ही! हिला कोन करून घेनार गं? नवरा पहिल्या दिवशी पळून जाईल की."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आत जाऊन पोरीच्या पाठीत असा रट्टा दिला की ती उठून बसली आणि कुठं आहोत हेच तिला कळेना.

माझा एवढा तिळपापड का झाला, ते सांगायला पाहिजे. मी स्वतः घोरते. लग्न होऊन आले त्या वर्षी दिवाळीला माझ्या नणंदेनं, वन्संनी, मी झोपले असताना मोबाईलवर माझं घोरणं भरून घेतलं आणि भाऊबीजेच्या ताटांवर सगळ्यांना ऐकवलं. सासरे, दीर, जावा, पोरंटोरं. "ओळखा कोन?" म्हणून. सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर आमचे हे. त्यांना वाईट हेतू नव्हता, माणूस तसा भला आहे. पण मी त्या ताटावरून उठले ती आजतागायत ह्यांच्या आधी कधी झोपले नाही. ह्यांना झोप लागली याची खात्री झाल्यावर मी कुशीवर होते, तोंडाशी पदराचा बोळा धरते आणि मग डोळे मिटते. चौदा वर्षं हे असं चाललंय आणि कुणाला पत्ता नाही.

तर माझ्या पोरीच्या नशिबी हे येऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. ऐकायला किती चांगलं वाटतं ना? केलं काय, तर तिला चिमटे काढायला लागले.

दंडाच्या आतल्या बाजूला, बाहीखाली झाकलं जाईल अशा जागी. घरघर सुरू झाली की चिमटा. ती कूस बदलायची, गप्प व्हायची. परत घरघर, परत चिमटा. मला वाटायचं, सवय मोडते आहे. अंगठा चोखायची सवय नाही का कडू लावून मोडत? दोन महिन्यांनी तर नुसता माझा हात जवळ गेला तरी ती झोपेतच दंड आवळून घ्यायची. मी मनात म्हणायचे, बघा, येतंय वळण.

दिवसा मात्र तिचं काही वळणावर येईना. वर्गात डुलक्या. सकाळी डोकं दुखतंय म्हणून रड. गणितात शून्य. आणि नऊ वर्षांची घोडी झाली तरी अंथरूण ओलं. त्याची शिक्षा मी ठरवून दिली होती. चादर तिनंच धुवायची आणि पुढं बोळात दोरीवर तिनंच वाळत घालायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. लाज वाटली की आपोआप सुधारेल, असं माझं शास्त्र. ती चादर वाळत घालताना बायका विचारायच्या, "आज बी?" ती मान हलवायची. ती रडली असती तर बरं झालं असतं असं आज वाटतं, पण ती रडायची नाही, नुसती तोंड उघडं ठेवून बघत राहायची आणि त्या उघड्या तोंडाचाच मला जास्त राग यायचा.

जूनमध्ये तिचा कान ठणकायला लागला म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. बाई डॉक्टर होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कान बघितला, मग घसा बघितला, आणि घशातच बघत राहिल्या. दोन्ही बाजूंच्या गाठी सुजून एकमेकींना टेकल्यात, म्हणाल्या.

"झोपेत घोरते का?"

"न्हाय," मी म्हटलं.

पोरीनं माझ्याकडं बघितलं. हे म्हणाले, "थोडं थोडं घोरती की."

डॉक्टरबाईंनी मग समजावून सांगितलं. काही मुलांचा श्वास झोपेत मधेमधे बंद होतो. मेंदू दचकून उठवतो, श्वास परत सुरू होतो, असं रात्रभर चालतं. मूल झोपलेलं दिसतं पण त्याची झोप होत नाही. त्यातून अंथरूण ओलं होतं, अभ्यास जातो, अंग भरत नाही, आणि फार दिवस राहिलं तर हृदयावर ताण येतो. "आधी खात्री करू," त्या म्हणाल्या. "मशीन घरी देते. एक रात्र लावायचं."

सिस्टरनं मशीन दाखवलं. छातीला बांधायचा पट्टा, त्याच्यावर काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, नाकाशी धरायची बारीक नळी, बोटाला लावायचा लाल दिव्याचा चिमटा. बरोबर एक कागद होता, भरून द्यायचा. किती वाजता झोपली, किती वाजता उठली, मध्ये किती वेळा जाग आली.

"मशीनला श्वास कळतो, झोप कळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून कागद नीट भरा. आणि नेहमी झोपते तशीच झोपू द्या. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! आता हे मला सांगून उपयोग होता का? आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की बाई आधी दोन दिवस उत्तरं पाठ करून घ्यायच्या. कच्च्या पोरांना त्या दिवशी घरी ठेवायच्या. तपासणी म्हणजे चांगलं दिसायचं, एवढंच मला शिकवलेलं. रक्त तपासायच्या आधी आठ दिवस साखर बंद करून "बघा, नॉर्मल हाय" म्हणणारी माणसं माझ्या घरात, बोळात, पायरीवर. मशीन पिशवीत घालून मी घरी निघाले तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती. रिपोर्ट चांगला आला पाहिजे.

आणि त्या डबीत आवाजही भरला जातो, असं सिस्टर बोलता बोलता म्हणाली होती. ते मी विसरले नव्हते. माझ्या पोरीचं घोरणं दवाखान्यातली चार माणसं बसून ऐकणार. त्या विचारानं माझ्या कानात भाऊबीजेचं हसणं वाजायला लागलं.

मी तयारीला लागले. संध्याकाळी ओवा घालून वाफ दिली. नाकात थेंब सोडले. दही नाही, केळं नाही. तीन उशा रचून तिला जवळजवळ बसतीच केली, कुशीवर वळवली, पाठीमागं वाकळेची गुंडाळी लावली म्हणजे उताणी होणार नाही. पट्टा बांधला, नळी लावली, बोटाला चिमटा लावला. तिला गंमत वाटत होती. बोटाचा लाल दिवा ती भिंतीवर पाडून बघत होती.

"नीट झोप," मी म्हटलं. "मशीन लावलंय."

"नीट म्हंजे कसं?"

"म्हंजे आवाज न्हाय करायचा."

हे पलीकडच्या खोलीत झोपले. मी तिच्याजवळ बसून राहिले. डोळा लागून जरा खरखर झाली की दंडाला चिमटा. ती दचकायची, बघायची, परत मिटायची. किती वेळा, ते मला सांगता येणार नाही. मोजायचं मशीन तिच्या छातीवर होतं आणि त्याला माझा हात दिसत नव्हता. एका क्षणी तिनं डोळे मिटायचंच सोडलं. कुशीवर पडून भिंतीकडं बघत राहिली. बऱ्याच वेळानं हळूच विचारलं, "मम्मी, आता झोपू?"

"झोप की. कुनी धरलंय?"

ती झोपली नाही. पहाटेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना जागं ठेवून होतो.

सकाळी मी कागद भरला. माझं अक्षर चांगलं आहे. झोपली साडेनऊ. उठली सहा. मध्ये जाग आली का: नाही. खाली सही.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. "घसा बघून असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण ठीक आहे. नाकात मारायचा फवारा देते, तो चालू ठेवा. काही त्रास वाटला तर लगेच या." मी मान डोलावली. मला दहावीचा निकाल लागल्यासारखं झालं होतं.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. अडाणीपणा म्हणा, भीती म्हणा. पण नंतर मी जे केलं त्याला माझ्याकडं शब्द नाही. मी तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि शाळेत गेले. वर्गाच्या बाईंना दाखवलं. त्या बिचाऱ्या आधी म्हणायच्या, हिला डॉक्टरला दाखवा, काहीतरी असेल. मी म्हटलं, "दाखवलं बाई. मशीन लावून बघितलं. काय बी झालेलं न्हाय. ही सगळी सोंगं हायत. झोपली तर उभी करा, माझी काय तक्रार न्हाय." बाईंनी रिपोर्ट वाचला. त्या दिवसापासून माझी पोरगी वर्गात उभी.

आणि आमचे हे. तोपर्यंत त्यांनी पोरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. अंथरूण ओलं झालं की तेच म्हणायचे, "जाऊ दे गं, ल्हान हाय." रिपोर्ट आल्यावर त्यांचाही सूर बदलला. "मशीन सांगतंय नॉर्मल हाय, मग ही कसली थेरं?" पहिल्यांदा त्यांनी मारलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पोरीचा आवाज आला नाही, फक्त हाताचा आला. मी भाकरी उलटली. मनात म्हटलं, बरं झालं, आता बापाचा तरी धाक राहील. हो, हेच म्हटलं. आता लिहायलाच बसलेय तर चांगलं तेवढंच कसं लिहू?

असे पाच-सहा महिने गेले. ती जास्तच काडी झाली. डोळ्यांखाली काळं. पायरीवरच्या बायकासुद्धा हसायच्या थांबल्या. त्यांच्यातलीच, तीच वाकून बघणारी, एकदा म्हणाली, "बाई, पोरीकडं बघ की जरा. लई सुकली." मी म्हटलं, "रिपोर्ट नॉर्मल हाय." मला हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की कुणी काहीही विचारलं तरी तेच बाहेर पडायचं.

नोव्हेंबरात एका दुपारी शाळेतून फोन आला. वर्गात उभी असताना ती उभ्या उभ्याच झोपली आणि तोंडावर पडली. बेंचाची कड हनुवटीला लागली. मी मशीन बंद करून, मिरचीच्या हातांनी तशीच पळाले. शाळेजवळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं तिला नेलेलं होतं. पांढऱ्या युनिफॉर्मवर रक्त. मला बघितल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल? "मम्मी, मी झोपले न्हवते. चक्कर आली."

डॉक्टरांनी टेबलावर उताणी झोपवली, इंजेक्शननं हनुवटी बधिर केली आणि टाके घालायला घेतले. दुसरा टाका घालेपर्यंत पोरगी झोपली. टाके घालताना! डॉक्टरसुद्धा हसले. "शाबास! असा पेशंट पाहिजे," म्हणाले. मग घरघर सुरू झाली आणि माझा हात आपोआप तिच्या दंडाकडं गेला. डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून माझं मनगट धरलं.

"हात लावू नका. बघू दे मला."

आणि मग श्वास थांबला. आम्ही तिघं, ते, मी आणि शाळेच्या बाई, भर दुपारच्या उजेडात बघत होतो. छाती हलत होती, पोट आत ओढलं जात होतं, गळ्याखाली खड्डा पडत होता आणि नाकातोंडातून काहीच येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हात ठेवा इथं, नाकापुढं." मी ठेवला. माझ्या तळहाताला वारा लागला नाही. मी वाट बघत राहिले. तिचे ओठ मला निळसर दिसायला लागले. मग तिनं अख्ख्या अंगानं दचकून श्वास घेतला, आणि परत घरघर, आणि परत बंद.

"कधीपासून आहे हे?"

मी म्हटलं, "डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल हाय हिचा."

"कागद राहू दे हो बाई! पोरगी बघा!" ते ओरडले. त्या ओरडण्यानं ती जागी झाली आणि आपलंच काही चुकलं असं समजून म्हणाली, "सॉरी."

दुसऱ्यांदा मशीन आलं. या वेळी मी ह्यांना म्हटलं, "आज तुम्ही झोपा तिच्याजवळ. उद्या पहाटे कांडप हाय मोठं." खोटं होतं. मला माझ्या हाताची भीती वाटत होती. मी पुढच्या खोलीत मिरचीच्या पोत्यांना टेकून बसले आणि मधलं दार ओढून घेतलं. या वेळी उशा नाहीत, वाफ नाही, काही नाही.

सकाळी हे बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही. पायरीवर बसले. बराच वेळ चहाला हात लावला नाही.

"मला चार-पाच डाव वाटलं, गेली पोरगी," ते म्हणाले. "मी तिला ह्याच्यासाठी मारलो व्हय गं?" फौंड्रीतला माणूस, आगीपुढं उभा राहणारा, हमसून हमसून रडला. मग डोळे पुसून माझ्याकडं बघितलं. "तू रोज जवळ झोपतीस. तुला कधी दिसलं न्हाय हे?"

"न्हाय," मी म्हटलं.

आठ दिवसांनी डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. त्यांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. नवीन रिपोर्टमध्ये तासाला एकोणीस वेळा श्वास थांबलेला. मुलांमध्ये याला जास्त म्हणतात, त्या म्हणाल्या, खूपच जास्त. गाठी लवकरात लवकर काढाव्या लागतील. त्याआधी हृदयाची सोनोग्राफी, कारण इतके दिवस गेले आहेत. मग जुन्या रिपोर्टवर त्यांनी बोट ठेवलं.

"पोरगी तीच, घसा तोच. मग जूनमध्ये हे असं नॉर्मल कसं आलं? मी या रिपोर्टवर विसंबले. हे मला कळायला पाहिजे." त्यांनी फाईलमधून तो कागद काढला. माझं अक्षर. माझी सही. "आईनं लिहिलंय, रात्रभर झोपली, एकदाही जाग नाही. झोपली होती का ती?"

हे माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टरबाई बघायला लागल्या. सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी तोंड उघडलं, शप्पथ सांगते, उघडलं होतं.

"मी झोपले न्हवते," पोरगी म्हणाली. हनुवटीला पट्टी, त्यामुळं शब्द नीट फुटत नव्हते. "मला ती नळी नको वाटत होती. मी नुसते डोळे मिटून पडलेली. मम्मीला वाटलं झोपलीय. मम्मीला म्हाईतच न्हाय."

ह्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. आठच दिवसांपूर्वी पायरीवर रडलेला माणूस. "अगं सोंगाडे! अख्खं वर्ष वाया घालवलंस! मेली असतीस की!"

"मारू नका तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून पोरीकडं झुकल्या, मऊ आवाजात, पण नाराजीनं. "असं करतात का बाळ? बघ, तुझ्यामुळंच उशीर झाला ना सगळ्याला?"

"व्हय," ती म्हणाली.

मी गप्प बसले. मला काय वाटलं, ते सांगते. लाज नंतर वाटली. पहिल्यांदा वाटलं, सुटले.

हे बिल करायला गेल्यावर बाहेर बाकावर मी तिला जवळ घेतलं. विचारलं, "का गं सांगितलंस असं?"

ती पायातला बूट काढून परत घालत होती. म्हणाली, "तुला वरडले असते की सगळे. मला सवय हाय."

ऑपरेशन झालं. हृदय चांगलं निघालं, देवाची कृपा. गाठी गेल्या, तोंड मिटलं, अंग भरलं. आता ती बारा वर्षांची आहे आणि ती झोपली आहे की नाही हे दारातून कळत नाही, इतकी आवाज न करता झोपते. गणितात तिच्या पुढं दोघंच आहेत.

आणि ती गोष्ट आमच्या घरात गंमत म्हणून सांगितली जाते. पाहुणे आले की हे हमखास काढतात. "आमची बाई लई चालू. नऊ वर्षांची असताना डॉक्टरला, मशीनला, आईला, सगळ्यांना गंडवली." वन्सं तर पोट धरून हसतात. पोरगीही सांगते, अगदी रंगवून. कसे डोळे मिटले, कसं अंग सैल सोडलं, कसं गाढ झोपल्यासारखं केलं. दर वेळी तिची गोष्ट आणखी चांगली होत जाते. मी तिच्या तोंडाकडं बघत असते, पण तिची नजर कधी माझ्याकडं वळत नाही.

ह्या दिवाळीला धाकट्या जावेनं तिला विचारलं, "पर आई शेजारीच होती न्हवं? तिला कसं कळलं न्हाय?"

सगळे माझ्याकडं वळले. मी पोळीचं ताट घेऊन उभी होते. तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"मम्मी झोपलेली की," पोरगी म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. "डोळा लागलेला माझा."